मागचा गळा

“मागे बसायची सवय लावून घेऊ नकोस गं. पाठीला पोक येतं ना, तसं गळ्यालाही येतं.”

आईनं हे सांगितलं तेव्हा धाकटी जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली निघाली होती. खाली तालमीची खोली होती, तिथे आत्या वाट बघत होती, आणि आत्याला वाट बघायला लावणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टायपिस्ट. दिवसभर ताठ बसून बसून तिला ताठ न बसणाऱ्या अख्ख्या जगाचाच राग आला होता. दूधवाल्यापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांना ती ‘पाठ सरळ करा’ म्हणून सांगायची. त्यातलंच हे, असं धाकटीला वाटलं.

“गळ्याला पाठ असते का आई?” म्हणून ती हसली आणि उरलेल्या पायऱ्या उड्या मारत उतरली.

आई पुन्हा त्यावर बोलली नाही. त्या घरात सुरात न सांगितलेली गोष्ट कुणी ऐकून घेत नसे, आणि आईला सूर नव्हता.

घर गाणाऱ्यांचं. आजोबांनी गाणी बांधली, आत्यानं ती गाऊन जगाच्या तोंडी केली, काकांनी पेटी धरली आणि कार्यक्रमांच्या तारखाही धरल्या. धाकटीच्या वडिलांनी ताल धरला होता, पण तिला चालता यायच्या आत ते गेले. गल्लीत म्हणत, त्या घरातली मांजरंसुद्धा ताल चुकली तर एकमेकींकडे बघतात. आत्याला सगळं गावच आत्या म्हणायचं. बँकेतला कारकून म्हणायचा, टॅक्सीवाला म्हणायचा, तिच्याहून वयानं मोठे असलेले पुरुष काठी टेकत यायचे आणि “आत्या, काल काय गायलात!” म्हणून वाकायचे.

आणि या घराची एक रीत होती, जी बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक नव्हती म्हणजे डोळ्यांसमोर होती, पण दिसत नव्हती. आजोबांचं म्हणणं असं, की गाणाऱ्याचा दम लोकांना दिसता कामा नये. दम दिसला की गाणं संपलं आणि कसरत सुरू झाली. म्हणून मुख्य गायिकेच्या मागे, किंचित डावीकडे, घरातलंच एक माणूस बसायचं. ओळीच्या शेवटी तिचा श्वास संपायला आला, की संपायच्या अगदी आधी ते माणूस तोच सूर, त्याच रंगाचा, तिच्याकडून अलगद उचलून घ्यायचं आणि ती नवा श्वास भरेपर्यंत धरून ठेवायचं. झोपलेलं मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतात ना, तसं. मुलाला कळता कामा नये. याला घरात ‘मागचा गळा’ म्हणत.

मागच्या गळ्याचं नाव फलकावर नसायचं. “घराच्या पायाचं नाव दारावरच्या पाटीवर असतं का?” काका विचारायचे. प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच, त्यामुळे वाद कधी झाला नाही.

धाकटी मागचा गळा झाली ती लहानपणीच, आणि असा मागचा गळा त्या घराला पूर्वी मिळाला नव्हता. बाकीचे कानानं ऐकून सूर उचलायचे. ती डोळ्यांनी उचलायची. आत्याच्या पाठीवर, शालीखाली, डाव्या खांद्याचं हाड असं जरासं आत ओढलं जायचं. ते दिसलं की श्वास आता चिमूटभर उरला, हे तिला कळायचं. आत्याची मान, मानेवरचा तीळ, अंबाड्यातून सुटणारी एक हट्टी बट हे तिला पाठ होतं. आत्याचा चेहरा मात्र तिनं गाताना कधी पाहिलाच नव्हता. घरच्यांनी तिला ‘शेपटी’ म्हणायला सुरुवात केली. आत्या जाईल तिथे मागे शेपटी. तिलाही ते लाडाचं वाटायचं.

वर्षं गेली. आत्याचा श्वास आखूड होत गेला आणि शेपटी लांब होत गेली. आधी ओळीचं शेवटचं अक्षर धाकटीचं असे. मग शेवटचा शब्द. मग अर्धी ओळ. वरच्या सुरांच्या जागा तर सगळ्याच तिच्याकडे आल्या, आणि ते कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. घरातली जुनी माणसं जेवताना जसं हळूहळू घास कमी करतात, तसं झालं. वर्तमानपत्रं लिहायची, वय वाढलं पण आत्यांचा आवाज सोळा वर्षांचाच. धाकटी ते नवऱ्याला वाचून दाखवायची आणि दोघं पोट धरून हसायची.

नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. सुरांतलं त्याला काडीचं कळत नसे आणि तो ते लपवतही नसे. “तुमच्याकडे सगळ्यांचा आवाज सारखाच येतो,” तो लग्नानंतर म्हणाला होता. “फोनवर आत्या बोलतायत की तू, मला कळत नाही. एकदा तुझ्यावरचा राग मी त्यांच्यावर काढलाय.”

“मग?”

“मग काय! त्यांनी मला माफ केलं. तू असतीस तर केलं नसतंस.”

मग ठकी झाली, आणि धाकटीचं मागे बसणं काही महिने सुटलं. त्या काळात आत्याला लागोपाठ सर्दी होत राहिली, कार्यक्रम पुढे ढकलले गेले. काका दर आठवड्याला फोन करून बाळाची चौकशी करायचे आणि शेवटी विचारायचे, “दूध कधी सुटणार?” त्यांना बाळाच्या दुधाची काळजी नव्हती हे ठकीलासुद्धा कळलं असतं.

धाकटीला मात्र दुसरंच वेड लागलं होतं. ठकी झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. वारा लागला की जिवात जीव. नाही लागला की अंगावरचं दुपटं ओढून काढायची, ठकी दचकून रडायची आणि मग हिला हायसं वाटायचं. आयुष्यभर एका बाईचा श्वास बघत आलेल्या डोळ्यांना आता दुसरा श्वास मिळाला होता. नखं ती ठकी झोपल्यावरच, एकेक करून कापायची. आंघोळीचं पाणी ती चार वेळा कोपरानं बघायची. आणि या सगळ्यात ती ठकीला गाणी म्हणायची, दुपारभर, खिडकीचा पडदा ओढून.

एकदा नवरा दुपारी जेवायला आला होता. हात पुसत दारात उभा राहून तो म्हणाला, “एक विचारू? तुझी सगळी गाणी मधूनच का सुरू होतात?”

“म्हणजे?”

“म्हणजे आता जे म्हणालीस ते. ‘लोटून घे, लोटून घे.’ काय लोटून घे? आधी काहीतरी असेल ना?”

आधी होतं. आजोबांचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते. ‘जाते मी, दार तेवढं लोटून घे.’ शेंबड्या पोरालासुद्धा येणारं. धाकटीनं हसून तोंड उघडलं, पहिला शब्द म्हणायला. आणि तो आला नाही.

विसरली नव्हती. शब्द समोर होता, सूर कानात होता. पण गळा नुसता थांबून राहिला, दाराशी पाहुण्यानं थांबावं तसा. कुणीतरी आधी गाईल, मग आपण. तिनं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तेच. दुसरं गाणं घेतलं, तिसरं घेतलं. शेकडो गाणी तिला येत होती आणि एकाचाही पहिला शब्द तिनं आजवर तोंडानं उच्चारलेला नव्हता. तिची सगळी विद्या ओळींच्या टोकांची होती.

“पाणी आणू?” नवऱ्यानं विचारलं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

त्याच महिन्यात रेडिओवाली आली. दरवर्षी नवे आवाज ऐकवायचा तिचा कार्यक्रम होता, थेट प्रक्षेपण. तिनं सरळ विचारलं, “तुमच्या नावानं अर्धा तास देते. गाता का?” धाकटीनं हो म्हटलं. का म्हटलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित भीती वाटली म्हणूनच. विंचू अंथरुणात आहे हे कळल्यावर माणूस दिवा लावतोच.

घरी कळलं तेव्हा काका म्हणाले, “गा की. हौस भागवून घे. घराचं नाव तेवढं सांभाळ.”

प्रक्षेपणाच्या दिवशी ती काचेच्या खोलीत उभी राहिली. लाल दिवा लागला. वादकानं सुरुवातीचे सूर वाजवले, तिच्याकडे बघून मान हलवली. ती थांबली. त्यानं पुन्हा वाजवले. ती थांबली. तिचे डोळे आपोआप समोर शालीतला खांदा शोधत होते आणि समोर होती काच, काचेपलीकडे हातवारे करणारी रेडिओवाली. वादकाला घाम फुटला, तो पुढे निघून गेला, चाल ओळीच्या टोकाला आली, आणि तिथे, अगदी बरोबर तिथे, धाकटीचा गळा लोण्यासारखा उघडला.

“…लोटून घे.”

सबंध गाणं असंच झालं. वाद्यं एकटीच ओळभर चालायची आणि शेवटी ती येऊन दार लोटून घ्यायला सांगायची. दुसऱ्या गाण्याच्या आधी रेडिओवालीनं ‘तांत्रिक अडचण’ म्हणून बासरीची तबकडी लावली.

काकांना महिनाभर जेवताना तोच विषय पुरला. “शेपटी रेडिओवर गेली आणि घरोघरी सांगत सुटली, लोटून घ्या, लोटून घ्या! लोकांनी लोटून घेतलं गं, आत रेडिओ बंद करून!” घरात सगळे हसले. चुलतभाऊ हसले, त्यांच्या बायका हसल्या. आत्याही हसली, पण पदर तोंडाला लावून. मग काका तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, आणि ती माया खरी होती हेच वाईट, “वाईट वाटून घेऊ नकोस बेटा. मासा झाडावर चढत नाही म्हणून तो नालायक ठरत नाही. तुझी जागा तुला ठाऊक आहे. आत्याला गायला लागून यंदा साठ वर्षं होतात, मोठा कार्यक्रम धरलाय. ये आणि आपल्या जागी बस.”

हसून घेतलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण धाकटीच्या कडेवर ठकी होती, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही आपले दोन दात दाखवून हसत होती, आईकडे बघून. ते मात्र धाकटीला झोंबलं. हिलाही उद्या कुठे बसवतील ते तिला दिसलं. पुढे आत्या, मागे आपण, आपल्या मागे ही.

“मी मागे बसणार नाही,” ती म्हणाली.

“हं?” काकांनी कानामागे हात धरला. खरंच ऐकू आलं नव्हतं. तिनं ते फार हळू म्हटलं होतं.

“मागे बसणार नाही, काका. बसायचं तर शेजारी. आणि एक गाणं मी सुरू करीन.”

“तू सुरू करशील?” काकांचा आवाज चढला. “तुला सुरू करता येतं? साऱ्या गावानं ऐकलं काय येतं ते! लोक आत्याला ऐकायला येतात. तुला बघून विचारतील, ही कोण?”

“विचारू देत की. कुणी विचारलंच नाही आजवर.”

“शेपटीला तोंड फुटलं!” एका वहिनीनं म्हटलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

पुढचे दिवस ती नवऱ्याच्या दुकानात जाऊ लागली. दुपारी दुकान बंद असायचं. आत अंधारी खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर एकच भलंमोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणारी. ठकीला टोपलीत झोपवून ती तक्त्यासमोर उभी राहायची. नवरा दिवा लावून म्हणायचा, “चला, वरून वाचा.”

ती वरचं अक्षर सुरात म्हणायला जायची आणि गळा अडायचा. खालची ओळ मात्र सुरेख यायची.

“कमाल आहे,” नवरा म्हणायचा. “जगात सगळ्यांना वरचं दिसतं आणि खालचं दिसत नाही. तुला उलटा नंबर लागलाय. असा चष्मा माझ्याकडे नाही.”

“गप्प बस ना.”

“गप्प बसतो. पण वरून वाच.”

एकदा जिद्दीनं तिनं पहिलं अक्षर म्हटलं. सूर फाटला, कागद फाटावा तसा. ठकी टोपलीत जागी होऊन रडली. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. फाटका का होईना, तो पहिला होता.

पण रेडिओवालीला काय सांगायचं? धाकटी स्वतः जाऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला पुन्हा एकदा संधी द्या. रेडिओवालीनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “मला वरिष्ठांची बोलणी बसली तुमच्यापायी. पण ते ‘लोटून घे’ आहे ना, तसा सूर मी बारा वर्षांत या काचेतून ऐकला नाही. एक संध्याकाळ मोकळी आहे. घ्या. या वेळी बासरी लावणार नाही. गप्प राहिलात तर लोक तुमची शांतता ऐकतील.”

ती मोकळी संध्याकाळ नेमकी आत्याच्या साठ वर्षांच्या कार्यक्रमाची होती. मोकळी होतीच मुळी त्यामुळे. त्या दिवशी रेडिओ ऐकणार कोण?

धाकटी आत्याकडे गेली. तालमीच्या खोलीत आत्या एकटी होती, पायावर पाय टाकून, चहा गार करत. धाकटी नेहमीच्या जागी, मागे, बसायला गेली आणि थांबली. वळसा घालून समोर बसली. आत्यानं भुवई उचलली.

“ही कुठली नवी जागा?”

“आत्या, मी त्या दिवशी येणार नाही. रेडिओवर गाणार आहे.”

“काकानं सांगितलं मला. म्हणाला, पोरीची समजूत घाल.” आत्यानं कप खाली ठेवला. “मी कुणाची समजूत घालत नाही. पण एक सांग, माझ्यावाचून तुझं अडतं हे तू रेडिओवर सिद्ध केलंस. तुझ्यावाचून माझं अडतं असं तुला वाटतं का?”

धाकटीला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

“बोल की. वाटतं?”

“आत्या, तुझा श्वास कुठे संपतो ते मला माहीत आहे.”

वरच्या मजल्यावर काका खोकले. आत्याचा चेहरा आधी लाल झाला, मग कुठलाच रंग त्यावर उरला नाही.

“माझ्या पाठीत डोळे रुतवून बसायचीस ना इतकी वर्षं,” ती म्हणाली. “हेच शोधायला?”

“सांभाळायला.”

“मला सांभाळायला तू? तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं. बस तिथेच. ऐक.”

आणि आत्यानं गायला घेतलं. तेच गाणं. पेटी नाही, ताल नाही. धाकटीनं पहिल्यांदा तिचा चेहरा समोरून पाहिला, पहिल्या शब्दाच्या आधीचा. आणि तिला धक्काच बसला. आत्या घाबरली होती. डोळे मिटले, घोट गिळला, बोटांनी शालीचं टोक घट्ट धरलं, उंचावरून पाण्यात उडी घ्यायच्या आधी माणूस कठडा धरतं तसं. साठ वर्षं गाणारी बाई! आणि त्या भीतीसकट तिनं उडी घेतली.

“जाते मी…”

आवाज घोगरा होता, कडेला चिरलेला. सोळा वर्षांचा मुळीच नव्हता. म्हातारीचा होता, आणि खरा होता. ओळ पुढे सरकली, शेवटाकडे आली. धाकटीला आता खांदा दिसत नव्हता, पण दिसायची गरजच नव्हती. श्वास संपत आला, संपला. तिचं तोंड आपोआप उघडलं, सूर जिभेवर आला. तिनं ओठ घट्ट मिटले. दात रुतले ओठात. आणि ज्या जागी इतकी वर्षं कधीच रिकामं पडलं नव्हतं, तिथे रिकामं पडलं.

आत्यानं डोळे उघडले. तिनं धाकटीचे मिटलेले ओठ पाहिले. तिला सगळं कळलं. कधी कळलं नव्हतं असंही नव्हतं. तिनं श्वास घेतला, मोठ्यानं, कसरत करणाऱ्या माणसासारखा, आणि पुढची ओळ धरली. प्रत्येक ओळीच्या शेवटी भोक पडत गेलं. ती गात गेली. शेवटपर्यंत गायली.

“बघ,” ती धापा टाकत म्हणाली. “येतं मला.”

“हो आत्या. येतं तुला.”

“घाबरट!” आत्या म्हणाली. ते धाकटीला होतं की स्वतःला, सांगता येत नाही. “पहिला शब्द काय आपोआप येतो असं वाटलं तुला? मला आजही पोटात गोळा येतो. मागे बसून तो दिसत नाही, म्हणून तुम्हा लोकांना वाटतं आत्या दगडाची. जा. गा जाऊन तुझ्या रेडिओवर. मला मागे कुणी नको.”

काका दारात आले होते. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यांचा धीर सुटला. “अक्का, काय बोलतेस! सभागृह भरणार आहे. मागचा गळा नसेल तर लोकांना कळेल!”

“कळू दे.”

“मी पेटीनं भरून काढतो त्या जागा. जोरात वाजवीन.”

“तिथे बोटं उचल,” आत्या म्हणाली. “माझ्या रिकाम्या जागांत तुझी पेटी आली तर तिथल्या तिथे उठून जाईन. साठ वर्षं झाकून गायले, एकदा उघड्यानं गाते.”

काकांनी धाकटीकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुठल्या दिवशी ती बसल्या जागी खिळून राहिली असती. त्या दिवशी ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या तरी उठली. जाता जाता आत्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर सरकवायला तिचा हात गेला, आणि आत्यानं तो झिडकारला. मग स्वतःच शाल नीट केली.

त्या संध्याकाळी काचेपलीकडे नवरा ठकीला घेऊन उभा होता. ठकीच्या अंगात दोन स्वेटर होते, कारण धाकटीनं निघताना एक घातला आणि गाडीत बसताना दुसरा. ठकी काचेला नाक लावून काच ओली करत होती. नवऱ्यानं बोटानं वर दाखवलं, वरून वाच. रेडिओवालीनं हात खाली केला. लाल दिवा लागला.

वादकानं सुरुवात केली. तो बिचारा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता, मागचं आठवून. धाकटीच्या पोटात गोळा आला. तिनं समोर कुणाचा खांदा शोधला नाही. तिनं तो गोळा तसाच राहू दिला. सगळं गाव त्या वेळी आत्याला ऐकायला गेलं होतं, रेडिओ कुठे लागला असलाच तर एखाद्या न्हाव्याकडे, एखाद्या पहारेकऱ्याकडे. तिला त्याचं काही वाटलं नाही. डोळे मिटले, घोट गिळला, पदराचं टोक मुठीत आलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

“जाते मी,” ती म्हणाली. म्हणजे गायली.

सूर थोडा हलला. कडेला खरखरला. हा कुणाच्या सुरावरून उचललेला नव्हता, त्यामुळे कुणासारखा नव्हता. वादकानं चमकून मान वर केली. धाकटी पुढे गेली, ओळभर स्वतःच्या श्वासावर, आणि टोकाला आली तेव्हा तिचाही श्वास संपला. मागे कुणी नव्हतं. भोक पडलं. पडू दिलं. तिनं मोठ्यानं श्वास घेतला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, आणि पुढची ओळ सुरू केली.

गाणं चालू आहे. अर्ध्या तासातलं अजून बरंच उरलं आहे आणि ती ते सोडून कुठेही जाणार नाही, हे आधीच सांगते. पण दोन ओळींच्या मध्ये, वाद्यं वाजत असताना, तिचं मन गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येतं. तिथे भरल्या सभागृहात एक म्हातारी एकटी गाते आहे. तिच्या मागची जागा रिकामी आहे. ओळींच्या शेवटी काय होतं आहे, लोक चुळबुळतात की टाळ्या वाजवतात, की कुणी हसतं, हे धाकटीला कळायला मार्ग नाही. काका भावाच्या मायेनं पेटीवर बोटं टेकवतील की उचललेलीच ठेवतील, तेही नाही. आणि कळलं तरी ती उठणार नाही. उठली तर पुन्हा मागेच जाऊन बसेल.

म्हणून तिच्या वतीनं तुम्हाला सांगते. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा तिथून जाणार असाल, तर कार्यक्रम संपल्यावर पुढच्या दारानं जाऊ नका, तिथे गर्दी असेल. बाजूच्या बोळातून मागे जा. तिथे एक हिरवं दार आहे, आत कपडे बदलायची खोली. ठोठावू नका, आत्या ‘या’ म्हणणार नाही; नुसतं ढकला. ‘काय गायलात’ वगैरे म्हणू नका, तिला खोटं लगेच कळतं. कुणी पाठवलं तेही सांगू नका. खुर्ची असेल, आरसा असेल, पाण्याचा तांब्या असेल, पण ती आपल्या हातानं पाणी घेत नाही. तेवढं ओतून द्या. समोर उभे राहा, मागे नको. आणि आत्या बरी आहे ना, एवढं बघून या.